नळावरचा ठोका

औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत उभी असताना आजी एकदम खाली बसली. चक्कर आली नव्हती, पायही घसरला नव्हता. मागून कुठून तरी ठोका आला आणि गुडघे आपले आपण मिटले, एवढंच. ठक. ठक-ठक. मग मोकळी जागा. मग ठक. हातातली पिशवी मांडीवर आली, पाठ भिंतीला टेकली आणि कधीचा अडकून राहिलेला श्वास सुटला. डोळ्यांसमोर लोकांचे पायच पाय दिसले, तेव्हा तिला कळलं की आपण दवाखान्यात आहोत आणि फरशीवर बसलो आहोत. रांग फुटली. "काय झालं मावशी? चक्कर आली का?" करत दारावरचा पहारेकरी धावला. पुढे उभे असलेले एक गृहस्थ वळून म्हणाले, "सकाळी काही न खाता घराबाहेर पडतात, आणि मग पडतात." "पडले नाही हो, बसले," ती म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं. कोणीतरी पाण्याची बाटली तोंडाला लावली. अर्धं पाणी घशात गेलं, अर्धं गळ्यावरून खाली. त्या गडबडीत, तिच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, बाकावर बसलेली एक मुलगी दिसली. दातांना तारा लावलेल्या, हातात बटणं दाबून खेळायची पडद्याची डबी. आजीची नात भिंगरी, तिच्याकडे होती तसलीच, फक्त ही निळी. या मुलीला आजीने शाळेच्या फाटकाशी पाहिलं होतं, भिंगरीच्याच वर्गातली. मुलगी डबीवरचा अंगठा तसाच ठेवून आजीकडे टक लावून बघत होती. मग तिने शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. "बघ आई, सांगितलं होतं ना? खरंच बसते!" बाई हातातल्या फोनवरून नजर न काढता म्हणाली, "गप गं. मोठ्या माणसांबद्दल असं बोलतात का?"

गोळ्या न घेताच ती बाहेर पडली. बसने जायचं तर थांब्यावर उभं राहावं लागणार, आणि उभं राहायची आज तिला भीती वाटत होती. चालत राहिलं म्हणजे गुडघे कामात असतात, त्यांना दुसरं काही सुचत नाही. कापडाच्या दुकानांच्या काचांवरून, चहाच्या टपरीवरून, रंगाचे डबे उतरवणाऱ्या हमालांमधून ती चालत राहिली आणि स्वतःची समजूत काढत राहिली. जगात ठोके काय कमी आहेत? दार ठोकतात, खिळा ठोकतात. पोरींच्या डबीतल्या त्या खेळात तर म्हणे शेकडो प्राणी, प्रत्येकाचा ठोका वेगळा. एखाद्याचा आपल्यासारखा निघाला तर निघाला. पण ती मोकळी जागा? दोन ठोके जोडून झाल्यावर जी थांबण्याची जागा येते, ती कुठला खेळ बनवणारा बसून ठरवेल? ती जागा आजीने स्वतः ठेवली होती, आणि ती मोजून ठेवली नव्हती. मान वळवून काचेच्या दाराकडे बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच ती होती. आणि त्या पोरीचं ते 'खरंच'. कोणीतरी आधी सांगितल्याशिवाय कोणी 'खरंच' म्हणत नाही. हा शब्द घेऊन ती चौक ओलांडून गेली, मग वळण चुकली हे लक्षात येऊन परत फिरली. तिच्या आयुष्यात आजवर ही गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली होती. मुलाला नाही, सुनेला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, तो बिचारा 'आज पाय फार सुजलेत' एवढंच ऐकून गेला.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईचा विभाग होता. तिथे ती लागली तेव्हा तिची पाठ सरळ होती आणि बोटंही. वरच्या मजल्यांवरच्या खाटांच्या चादरी एका दाराने गाठोड्यांतून खाली यायच्या आणि दुसऱ्या दाराने घड्या होऊन वर जायच्या. मधे वाफ. वाफेने भिंती घामेजलेल्या, आणि यंत्रांचा असा आवाज की शेजारच्या बाईशी बोलायचं तर तोंड तिच्या कानात घालावं लागे. चादर घडी करायला दोघी लागतात. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे. दिवसभर हेच. कोपरे देताना बोटाला बोट लागायचं. आजीच्या समोरच्या बाईला ती जोडीदारीण म्हणायची. तिच्या बोटांवरूनच तिला कळायचं की आज ही रडून आली आहे का, आज हिला ताप आहे का. मुकादम बसू द्यायचा नाही. बसायला तिथे काही नव्हतंच. बाकं होती ती त्याने कुठे तरी हलवली होती. म्हणायचा, "बसायचं असेल तर घरी बसा." मग आजीने, म्हणजे तेव्हाच्या तरुण बाईने, ठोका काढला. वाफेचा नळ सगळ्या विभागातून फिरलेला होता. त्याच्यावर चमच्याने ठोकलं तर यंत्रांच्या आवाजातही तो टोकापर्यंत जायचा, कानांनी कमी आणि नळाला लागलेल्या कोपराला जास्त कळायचा. दाराजवळची बाई मुकादम जिना चढून वर गेला की ठोकायची. ठक, ठक-ठक. मग मागे वळून काचेतून खात्री करायची, खरंच गेला ना? आणि मग शेवटचा ठक. शेवटचा आला की सगळ्याजणी गाठोड्यांवर बसायच्या. घडीभरच. पण काय बसणं ते! तिथे असलेल्या प्रत्येकीचे पाय त्या ठोक्याचे झाले होते. कधी झोपेत नवऱ्याची बोटं खाटेच्या लाकडावर वाजली तरी तिचे गुडघे पांघरुणात दुमडायचे. उठायचा ठोका वेगळा होता, लगबगीचा, त्यात मोकळी जागा नव्हती. मुकादम परत येताना दिसला की दाराजवळची बाई तो द्यायची, आणि मुकादम दाराशी पोचेपर्यंत सगळ्या उभ्या, चादरी हातात, तोंडं गरीब.

एके दिवशी ठोका आला आणि सगळ्या बसल्या, आणि दार उघडून मुकादम आत आला. त्याच्या हातात पाना होता. त्याने तो पुन्हा नळावर आपटून दाखवला. ठक, ठक-ठक. मोकळी जागासुद्धा त्याने बरोबर ठेवली. ठक. "काय, बरोबर जमलं ना?" तो म्हणाला. हसला नाही, हेच जास्त वाईट होतं. सगळ्यांत म्हातारी होती तिला उठायला वेळ लागला, तिला त्याने त्याच दिवशी कामावरून काढलं. ठोका कोणाचा हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आजीला मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं, जिथे रक्ताच्या आणि ओकारीच्या चादरी वेगळ्या करायच्या असतात आणि समोर जोडीला कोणी नसतं. आणि जोडीदारीण दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्यावर दिसली, धुतलेल्या कपड्यांच्या खिडकीशी. खुर्चीवर. मागे उन्हाची खिडकी. एकदा माणूस कमी होतं म्हणून आजी घड्यांचा ढीग घेऊन वर गेली तेव्हा जोडीदारीण म्हणाली, "ठेव इथे." बस. आजीने ठेवला. विचारलं नाही. काय विचारायचं? ढीग ठेवताना बोटाला बोट लागलं, आणि त्या बोटांवरून तिला काहीच कळलं नाही. ती वर्षं गेली, ती दोघींची एकमेकींना दिसायची सवयही गेली, पण ते न विचारलेलं तसंच राहिलं. आणि मुकादम? त्याला तो नाद लागला. अधूनमधून, काही काम नसताना, गंमत म्हणून तो नळावर ठोका द्यायचा आणि काचेतून बघायचा. बायका उभ्याच असायच्या, पण त्यांचे गुडघे लवायचे. सगळ्यांचे एकदम, वारा आल्यासारखे. तो काचेपलीकडे हसायचा. तेव्हापासून आजी काम करताना कधी बसली नाही. निवृत्त झाली, मुलाच्या घरी आली, तरी ओट्याशी उभी. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन उभी. सून म्हणायची, "आई, बसा हो, माझ्या जिवाला घोर लागतो." मुलगा म्हणायचा, "सोड गं, तिला सवय आहे."

भिंगरीला कांजिण्या झाल्या आणि तिला शाळेतून घरी ठेवलं, तेव्हा ती विचारायला लागली. एका जागी न ठरणारी पोर, म्हणून तर भिंगरी. आता खाटेवर पडून राहायचं म्हणजे तिला शिक्षाच. तिच्या हातात ती डबी. आजीला आधी वाटलं त्यात गाणी लागतात. मग भिंगरीने समजावलं: हा रानातला रस्ता, इथे झुडपात प्राणी लपलेले असतात. प्राणी आपला ठोका वाजवतो, तो आपण तसाच बटणांवर वाजवून दाखवला की तो आपला होतो. मग आपला प्राणी दुसऱ्याच्या प्राण्यासमोर उभा करायचा. आपला ठोका त्याने परतवायचा, त्याचा आपण. जो चुकला तो आडवा. "आणि आजी, आपण आपला स्वतःचा ठोकापण शिकवू शकतो त्याला! पण माझे सगळे सोपे होतात, सगळे परतवतात." तिच्याकडे एक करडा गोल प्राणी होता, घडी घातलेल्या रुमालासारखे कान, डोळे झोपाळू. कुणालाही नको असलेला, पहिल्याच झुडपात सापडणारा. आजीने त्याला बघितलं आणि म्हणाली, "हे तर गाठोडं आहे." भिंगरी हसता हसता खाटेवरून पडायची राहिली. त्याचं नाव गाठोडं पडलं. मग तिने विचारलं, "आजी, तू बसत का नाहीस?" आणि अंगावर फोड, डोळ्यांत ताप असलेल्या त्या पोरीला आजीने सगळं सांगितलं. वाफ, नळ, चमचा, पाना. जोडीदारणीची बोटंसुद्धा. सांगताना तिची पाठ उघड्या दाराकडे होती आणि ती मधेमधे मान वळवून बघत होती, हे तिला नंतर कळलं. भिंगरी म्हणाली, "तो ठोका गाठोड्याला शिकवूया?" वाकड्या झालेल्या बोटाने आजीने बटण दाबलं. ठक, ठक-ठक. मागे बघितलं. ठक. डबीतल्या गाठोड्याने कान उभारले आणि तेच परत वाजवलं, हुबेहूब. पडद्यावर त्याच्या खाली शिकवणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. भिंगरीने लिहिलं, आजी.

त्यानंतर गाठोडं हरलं नाही. सगळे मोकळ्या जागेत घाई करायचे, लवकर दाबायचे आणि आडवे व्हायचे. "आजी, कुणाला कळतच नाही तिथे किती थांबायचं!" भिंगरी नाचायची. "तिथे मागे बघायचं असतं ना?" "हो," आजी म्हणायची, "पण सांगायचं नाही कुणाला." "आईची शप्पथ." संध्याकाळी सून कामावरून यायच्या आधीचा वेळ त्या दोघींचा होता. भिंगरीच्या खोलीच्या भिंतीतून निघालेला पाण्याचा नळ ओट्यावर यायचा. ती तिकडून पट्टीने ठोकायची आणि आजी ओट्याशी ठेवलेल्या स्टुलावर बसायची. बसायची! सुनेने विकत आणलेलं ते स्टूल आजवर कोणी वापरलं नव्हतं. भिंगरी डबी घेऊन धावत यायची आणि तिच्या पायांशी बसून खेळायची, आणि आजीला वाटायचं की तळघरातला तो नळ कुठे तरी फुटला आणि त्यातली सगळी वाफ निघून गेली. दुसरा ठोका, उठायचा, ती रविवारी शिकवणार होती. प्राण्याला दोन ठोके शिकवता येतात म्हणे.

दवाखान्यातून चालत आजी घरी पोचली. चहा ठेवला, विसरली, उतू गेला. भिंगरी आली ती दप्तर फेकत, बूट एकीकडे, मोजे एकीकडे. आजीने ओट्याकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "भिंगरे, गाठोडं दाखव गं जरा."

"आत्ता?"

"हो, आत्ता."

"डबीची बॅटरी संपलीय."

"लाव मग तारेला. मी थांबते."

नऊ-दहा वर्षांचं मूल खोटं शोधत असलं की घरात एक वेगळीच शांतता होते. आजीने मुलाला वाढवताना ती ऐकली होती. मग भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "ते नाहीये माझ्याकडे. मी बदलून घेतलं. चमकणारा मासा मिळाला. तो फार कमी जणांकडे आहे, आजी."

"कुणाला दिलंस?"

"तारवालीला."

"आज ती दवाखान्यात भेटली मला."

भिंगरीचा चेहरा बघायला नको म्हणून आजी पातेल्यातला उतू गेलेला चहा पुसत राहिली. फडक्यावर डाग पडला, तो पाण्याखाली धरला, पिळला. डाग कसा काढायचा हे हातांना माहीत होतं, त्यांना सांगावं लागलं नाही.

"मी दिलं कारण..." भिंगरी बोलायला लागली आणि मग एकदमच सगळं सांगून टाकलं. "कारण मी रोज जिंकायचे ना, तर कोणीच माझ्याशी खेळेना. म्हणे तुझं गाठोडं चोरटं आहे. मधल्या सुट्टीत मी एकटीच. मग तारवाली म्हणाली, त्याची युक्ती सांगितलीस तर घेऊ तुला. मी नुसतं सांगितलं की मधे मागे बघायचं. तर त्यांना ते खोटं वाटलं. मागे कशाला बघायचं म्हणे, खेळात कुठे मागे बघतात? मग मला सगळं सांगावं लागलं."

"सगळं?"

"मुकादमाचं. आणि..." तिने पायाच्या टाचेने फरशी घासली. "आणि तो वाजला की तू बसतेस ते. मग त्यांना पटलं. सगळ्या हसल्या, पण वाईट नाही गं, चांगल्या हसल्या. तारवाली म्हणाली, मी बघणार. मला वाटलं नव्हतं ती खरंच बघेल. आजी, तू खरंच बसलीस?"

"बसले."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

भिंगरीच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू होतं की रडू, ते आजीला ठरवता आलं नाही, आणि भिंगरीलाही नसावं. "गंमत होती गं ती," ती हळूच म्हणाली.

आजीने फडकं नळावर वाळत घातलं. टोकं जुळवली. काय म्हणायचं असतं अशा वेळी? जोडीदारणीसमोर तिने इतकी वर्षं मनात उभं राहून जी वाक्यं रचली होती, त्यांतलं एकही या एवढ्याशा पोरीला लागू पडत नव्हतं. ती वाक्यं मोठ्या बाईची होती, खुर्ची मिळालेल्या बाईची. आणि तरीही दुखणं तेच, तसंच, तितकंच होतं. आणि हे मूल आहे म्हणून ते कमी व्हायला तयार नव्हतं, याचीच तिला लाज वाटत होती. तिला पहिल्यांदा वाटलं की जोडीदारणीलाही कदाचित कोणीतरी मधल्या सुट्टीत एकटं पाडलं असेल. वाटलं, आणि तिने ते बाजूला सारलं. माफ करणं सोपं व्हावं म्हणून आलेला विचार तिला ओळखू येत होता.

"तो मासा कसा वाजतो?" तिने विचारलं.

"टिंग टिंग टिंग. सोपाय. सगळे परतवतात." भिंगरीने नाक ओढलं. "आजी, मी परत मागू का गाठोडं? देणार नाही ती. पण वर्गात आता सगळ्यांना येतो तो ठोका, त्याचा काही उपयोगच नाही राहिला. रविवारी दुसरा शिकवशील ना? उठायचा? तो मी कुणाला म्हणजे कुणालाच नाही सांगणार."

"तो विसरले गं मी," आजी म्हणाली.

भिंगरीने तिच्याकडे बघितलं. मुलांना खोटं लगेच कळतं, त्यांना फक्त ते बोलून दाखवता येत नाही. ती खोलीत गेली आणि दार लोटलं, आपटलं नाही. नेहमी आपटायची.

सून आली, पर्स खुंटीला अडकवली. "आई, गोळ्या आणल्या का?" "रांग फार होती." "मग गुडघे? उद्या मी आणते. आणि आज तरी बसा जरा, चेहरा बघा किती उतरलाय." "हो, बसते." सून तोंड धुवायला गेली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या जिन्यात दिवे लागले, एकाखाली एक. भाजी चिरायची होती. आजीने सुरी घेतली, चिरायला लागली, आणि तिच्या लक्षात आलं की ती वाट बघते आहे. पाठ ताठ करून, मान अर्धी वळवून, तळघरात बघायची तशीच.

आणि तो आला. नळावर, भिंतीच्या आतून, पट्टीने, अगदी हलक्या हाताने. ठक. ठक-ठक. भिंगरीला माफी मागायची दुसरी भाषा येत नव्हती, हे आजीला कळलं. मोकळी जागा आली. या वेळी ती नेहमीपेक्षा मोठी होती. पोर पलीकडे पट्टी उचलून थांबली होती, कदाचित खरंच मागे वळून बघत होती. आजीने सुरी खाली ठेवली. दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. मळक्या चादरींचा वास आला, पान्याचा थंड लोखंडी वास आला, आणि कुठून तरी एका लहान मुलीचं 'खरंच'. मग शेवटचा ठक. गुडघ्यांनी ऐकलं. ते लवायला निघाले, आणि तिने त्यांना धरून ठेवलं, आपल्याच पोटच्या मुलांना गर्दीत मनगटाला धरून ठेवावं तसं. स्टूल पायाला लागलेलं होतं. कळ मांडीतून वर कमरेपर्यंत आली आणि तिथे थांबली.

"आजी?" भिंतीपलीकडून भिंगरीचा आवाज आला. "बसलीस?"

"बसले गं," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.